मोटरीचा पंखा

आमच्या ललितला मोटरीची जेवढी काळजी, तेवढी बायकोची नाही. मिलमधून आला की घरातल्या छोट्या, लाकूड कोरायच्या सीएनसी यंत्रापुढे बसतो. तिच्या सर्वो मोटरी तापतात म्हणून दर दहा मिनिटांनी हात लावून बघतो. घरातला एकुलता एक टेबलफॅनही त्यांच्यावरच. आत जयश्री चार दिवस तापाने फणफणत होती, तिच्या कपाळाला काही त्याचा हात लागला नाही.

काल आल्या आल्या ओरडला, "आई, पंखा कुठे गेला?"



मी म्हटलं, "पंखा जयश्रीच्या बापाने आंदणात दिलेला, लेका. तिचा ताप उतरला तसं सकाळी मीच तिला नि पंख्याला, दोघांना माहेरी नंदुरबारच्या बसमध्ये बसवून आले. आता तू मोटरीवर जन्मभर तोंडाने फुंकर घाल."