वाळलेली भुरुंडी

रुईच्या रोपाची पानं कडेने कुरतडलेली. गिऱ्हाईक नाक मुरडून रोप परत ठेवतं.

दवाखान्यातून आणलेली पिशवी, अजून न सोडलेली, कपाटाच्या पायाशी.

‘आज पेलाभर दूध प्यायली. म्हणजे, जवळजवळ पेलाभर.’

मागच्या अंगणाचं दार. कडी आतून.

बांगडी मनगटावरून निसटते ती थेट कोपरापाशी थांबते.

कुरतडलेलं पान सोडलं तर बाकी सगळं वहिनीबद्दलचं, नणंदेला तिच्या दादाने फोनवर सांगितलेलं. पान तिच्या स्वतःच्या नर्सरीतलं, रोज डोळ्यांसमोर.

वहिनी घरी आली त्याला बरेच दिवस झाले होते. रिपोर्ट चांगले, डॉक्टर खूश, आता फक्त ताकद भरून यायला हवी, असं जो तो म्हणत होता. पण ती खोलीबाहेर पाऊल टाकेना. एकदाच म्हणाली, ‘अंगणात फुलपाखरं आली तर बघू.’ दादाने ते शब्द वरच्यावर झेलले, आणि नणंदेने मग नर्सरीतून रोपं पाठवताना हात आखडता घेतला नाही. अळ्यांना खायला लिंबू, कढीपत्ता, रुई. फुलपाखरांना मधासाठी टणटणी आणि सदाफुली. दादा रोज पाणी घालायचा आणि रोज चिडायचा.

‘अगं, एकही फिरकत नाही. तुझी झाडं नकली तर नाहीत ना?’

‘झाडं अस्सल आहेत. तूच तोंड घेऊन समोर उभा राहत असशील.’

बोलली खरी, पण एकदा येऊन गेल्यापासून तिच्याही मनाला खटकलं होतं. झाडं तरारली होती, फुलांनी लगडली होती, आणि एकाही पानाला भोक नव्हतं. खोडावर मुंगी नव्हती. इतकं धडधाकट हिरवं अंगण तिने कधी पाहिलं नव्हतं. तिथे फार वेळ थांबवेना.

म्हणून शेवटी तिने वाळवलेली भुरुंडी पाठवली. या झाडाची तऱ्हाच निराळी. हिरवं असताना फुलपाखरांच्या काही जाती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. उपटायचं, उलटं टांगायचं, पार वाळू द्यायचं. मग कुठून कुठून येतात आणि काड्या चोखत बसतात. गिऱ्हाइकांना ती हे सांगत नसे. मेलेलं झाड कोण घेणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोचली तेव्हा वाळकी जुडी कपड्यांच्या दोरीला टांगलेली होती. अंगणाचं दार सताड उघडं होतं. आणि वहिनी बाहेर, उन्हात, खुर्चीवर, शाल पांघरून.

जुडी दिसतच नव्हती. नुसते काळे, निळसर ठिपक्यांचे पंख. उघडत होते, मिटत होते. एवढी हालचाल, आणि आवाज कसलाच नाही.

‘या, वन्सं,’ वहिनी म्हणाली. थट्टेत असली की ती नणंदेला अशी हाक मारायची. ‘काय पाहुणे पाठवलेत हो! सगळे पुरुषच म्हणे? आणि तेही वाळक्यावर भाळणारे?’

‘हो. या काड्यांवर नरच येतात.’

‘तुझ्या दादाला नीट समजावून सांग. नाहीतर उद्यापासून मला खोलीत कोंडेल.’

दादा खो खो हसला. नणंदही हसली. तेवढ्यात एक फुलपाखरू जुडीवरून उठलं आणि वहिनीच्या मनगटावर येऊन बसलं. मग दुसरं. मग सगळीच, एकेक करून, अजिबात घाई न करता. मनगटावर, गळ्याशी, कानाच्या पाळीवर, शालीतून बाहेर आलेल्या घोट्यावर. टेकली की पंख मिटायची आणि सोंड उलगडायची. दोरीवर नुसत्या काड्या राहिल्या.

‘अरे वा!’ दादा खुर्चीला खेटून उभा होता. त्याने मोबाइल काढला. ‘आम्हाला कुणी विचारत नाही बघ. सगळा मान तुलाच.’

नणंद घोट्यावरच्या फुलपाखराकडे बघत होती. त्याची सोंड कातडीवर चाचपत फिरली आणि एका जागी स्थिर झाली. वाळक्या काडीवर होते तशी. तिने हाकलायला हात उचलला.

‘राहू दे गं. गुदगुल्या होतात.’

‘आत चल, वहिनी. ऊन लागेल.’

‘आत्ता तर आले बाहेर. इतके दिवस दोघं मागे लागला होतात ना?’

‘हास जरा,’ दादा मोबाइलमागून म्हणाला.

वहिनी हसली. ओठाच्या कडेला बसलेलं फुलपाखरू जागचं हललं नाही. मग तिने मान वळवून नणंदेकडे पाहिलं, बराच वेळ. नणंदेच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिला लख्ख दिसलं असणार, कारण तिने नणंदेचा हात हातात घेतला. वहिनीचा हात उन्हाने तापला होता, आणि त्याला वजन म्हणून नव्हतं.

‘वेडे,’ ती दादाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, ‘सकाळी ती जुडी मीच बांधली. छातीशी धरून आणली, सगळ्या अंगाला वास लागला असेल. दुसरं काय?’



‘तसंच असेल,’ नणंद म्हणाली. ‘तसंच.’ आणि वहिनीच्या पायाशी पायरीवर बसली.

दादा आणखी एक फोटो काढत होता.

जुडी सकाळी त्यानेच बांधली होती. वहिनी तेव्हा झोपेत होती.