डोलोरेसची तक्रार

आमच्या गल्लीतला लेनर्ड गॅपिन्स्की आधी मिलवॉकीचा नगरसेवक होता, मग राजधानीला, मॅडिसनला जाऊन राज्याचा सिनेटर झाला. आता म्हातारपणी तो सगळं विसरलाय, फक्त प्रचार तेवढा विसरलेला नाही. रोज दुपारी कोटावर जुना बिल्ला लावून तो घरोघरी बेल वाजवत फिरतो, आणि आम्ही सगळे त्याला मत द्यायचं कबूल करतो.

"या खेपेला तरी रस्त्यावरचा बर्फ वेळेवर काढा हो, सिनेटर," काल मी त्याला चिडवलं.

"उद्या सकाळी गाडी तुमच्या दारात उभी करतो की नाही, बघाच!" असं ऐटीत म्हणून तो शेजारच्या घराकडे वळला. ते घर त्याचंच. दार त्याच्या बायकोने, डोलोरेसने उघडलं.

"बाईसाहेब, मी गॅपिन्स्की. तुमची काही तक्रार?"

रोज ती "मत तुम्हालाच" म्हणते आणि हाताला धरून त्याला आत नेते. काल मात्र दारातच उभी राहिली.

"आहे ना. माझा नवरा जन्मभर लोकांची दारं वाजवत हिंडला, स्वतःच्या घरात कधी थांबला नाही. पोरीच्या लग्नात भरल्या ताटावरून उठून कुणा मतदाराच्या मयताला गेला."

लेनर्डने टोपी काढून छातीशी धरली. त्याला खरंच फार वाईट वाटलं होतं.



"नाव सांगा मला त्याचं. मी स्वतः बोलतो त्याच्याशी."