फलकावरचं नाव

विधानसभेत कोणी बोलायला उभं राहिलं, की ते वाक्य मुळात कोणी लिहून दिलंय त्याचं नाव मागच्या फलकावर उमटायचं. सिमेंटवाले, खाणवाले, निवडणुकीचा खर्च उचलणारे बिल्डर. फलक चालवणारं कार्यालय स्वतंत्र होतं. ते मंत्र्यांच्या हाताखाली देण्याचं विधेयक आज आलं होतं.

कार्यालयप्रमुख सुलक्षणा कारखानीस वरच्या सज्जात यंत्रापाशी बसल्या होत्या. विरोधात एकटे आमदार ढमढेरे उभे राहिले.

"ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांच्याच हातात किल्ली देताय तुम्ही."

सुलक्षणाबाईंनी आपलं वाक्य ओळखलं. काल ढमढेरे येऊन म्हणाले होते, "बाई, मला नीट मांडता येत नाही. चार ओळी लिहून द्या." त्यांनी दिल्या होत्या. फलक आपलंही नाव दाखवेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेजारी बसलेले सहाय्यक तावडे पडद्याकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव येतंय. थांबवू का? बिघाड झाला म्हणून सांगता येईल."

"आजवर कोणासाठी थांबवलंय?"

"कोणासाठीच नाही."

"मग राहू द्या."

नाव झळकलं. सत्ताधारी बाकं हसत सुटली.

विधेयक मंजूर करावं, अशी विनंती करायला मंत्री उठले. त्यांच्या मागे एका खाण कंपनीचं नाव ठळक उमटलं. ते कोणी वाचलं नाही. सगळं सभागृह मान वर करून सज्जाकडे बघत होतं.