पोलादाला म्हातारपण नाही

या, असे पुढे सरकून बसा, मागच्यांनीही भिंत सोडा. देवाने कान दिलेत तेवढे उघडे ठेवा, म्हणजे झालं. कान गेले म्हणून एका म्हाताऱ्या मास्तरांना कामावरून कसं काढलं, ते सांगतो.

"चढलाय, मास्तर. पुन्हा चढलाय सूर."

कार्यक्रमाला दहा मिनिटं उरली होती. पडद्यापलीकडे खुर्च्या कुरकुरत होत्या. व्हायोलिन हातात घेऊन ती उभी होती आणि तारा लावणारे मास्तर हार्पसिकॉर्डवर वाकून एकेक खुंटी पिळत होते. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोचे पणजोबा. पिसाच्या टोकाने छेडल्या जाणाऱ्या दीडदोनशे तारा, आणि कुणी शिंकलं तरी बिनसणारा स्वभाव.

"दुपारीच लावलाय, सरकार. काट्यावर." काटा म्हणजे नादकाटा, आपटला की एकच ठरलेला सूर देणारं पोलादी बेचकं.

तिला सगळे सरकारच म्हणत. तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत त्या काळच्या वाद्यांवर वाजवणारा तिचा बारा जणांचा संच होता. समोर उभं राहून हात हलवणारा कुणी नाही. ती श्वास घेई आणि त्या श्वासावर उरलेले अकरा सुरू होत. तिच्या कानाचा मोठा दरारा. लहानपणी स्वयंपाकघरात झाकण पडलं तरी ती सूर ओळखायची. आई म्हणायची, "सूर राहू दे, आधी झाकण उचल."

"मग काटा बिघडला असेल," ती म्हणाली.

"पोलाद आहे हो ते. बेचक्यात कानस फिरवली तर उतरतं, एरवी शंभर वर्षं एकच सूर धरून बसतं. पोलादाला म्हातारपण नाही."

"काट्याला नसेल. ऐकणाऱ्याला असतं ना!"

कुणी हसलं नाही. चेलो, म्हणजे थोरलं व्हायोलिन, घेऊन बसलेली तिची धाकटी बहीण हळूच म्हणाली, "ताई, आज राहू दे ना."

"राहू दे कसं? बेसूर वाजवू?"

बासरीवाल्याने मुकाट्याने पेटी उघडली, बासरीचा मधला तुकडा काढला आणि त्याहून लांब तुकडा बसवला. बासरी लांबली की सूर उतरतो. पूर्वी त्याच्या पेटीत असा एक तुकडा असे, आता सात होते.

मास्तरांनी सूर उतरवला. बाकीच्यांनी आपापल्या तारा सैल केल्या. सभागृहाला पत्ता लागायचं कारण नव्हतं. त्या जुन्या काळी गावागणिक सूर वेगळा असायचा, थोडं इकडेतिकडे खपून जातं.

तिला मात्र काहीच खपत नव्हतं. मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या व्हायोलिनच्या तारा इतक्या सैल झाल्या होत्या की गज टेकला की फडफडत. जलद भागात आवाज वर उठेचना, ओल्या पोत्याखाली कोंबडा आरवावा तसा. श्वास बरोबर, सुरुवात बरोबर, कुणी एक जागा चुकलं नाही, आणि तरी संगीताला पंख फुटेनात. गेल्या महिन्यात वर्तमानपत्राने लिहिलं होतं, 'भारदस्त, पण सुस्त.' तो 'सुस्त' अजून तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता. सात वर्षांपूर्वी हीच रचना ऐकून लोक उठून उभे राहिले होते!

दुसरी रचना संपली आणि ती पुन्हा मास्तरांकडे वळली. "चढलाय."

भरल्या सभागृहासमोर मास्तर खुंट्या पिळायची किल्ली घेऊन विंगेतून आले, गुडघ्यावर हात टेकत वाकले. मागे कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. तिच्या कानशिलांना आग लागली.

मध्यंतरात तिने आतल्या खोलीचं दार लोटलं.

"मास्तर, तीस वर्षं झाली. आता पुरे. तुमचे कान गेलेत. तोंडावर सांगते, राग मानू नका."

मास्तरांनी कोटाचं बटण लावलं. धाकटी काही बोलणार होती. त्यांनी मान हलवून तिला थांबवलं.

"राग कसला, सरकार! दुसऱ्या भागाचं तेवढं लावून देऊ?"

"नको. माझं मी लावते."

"मग पिशवी राहू द्या. किल्ली आत आहे." दाराशी ते थांबले. "खुंटी जपून पिळा. सांभाळून घेतलं तर अजून पुष्कळ वर्षं वाजेल."

धाकटी डोळे पुसत त्यांच्यामागे गेली. म्हाताऱ्यांचे लाड, दुसरं काय, सरकारांना वाटलं!

तीस वर्षांत तिने ती पिशवी कधी उघडली नव्हती. आत किल्ली, पिसं, एक कानस, आणि कापडात गुंडाळलेले आठ नादकाटे. पहिला तिच्या गुरुजींचा. पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी तिला दिलेला आणि तिने मास्तरांच्या हवाली केलेला. तिने तो गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला.

चढलेला. केवढातरी चढलेला.

"हाही बिघडवला!" ती पुटपुटली आणि दुसरा उचलला. त्याच्या बेचक्यात कानशीच्या चकचकीत रेघा होत्या आणि दांड्यावर कोरलेलं साल, सहा वर्षांपूर्वीचं. हा किंचित उतरलेला. तिसऱ्यावर पुढचं साल, रेघा जरा खोल, सूर आणखी केसभर खाली. चौथा. पाचवा. शेवटच्यावर यंदाचं साल होतं, पोलादाचा भुगा अजून कापडाला चिकटलेला. तो तिने कानाशी धरला. हा मात्र जवळजवळ बरोबर होता, उरलाच तर केसभर चढलेला. सालाच्या खाली बारीक अक्षरात कोरलं होतं, 'सरकारांसाठी'.

दुसऱ्या भागाची घंटा वाजली.

तिने गुरुजींचा काटा पुन्हा उचलला, दिव्याखाली धरला, बेचक्यातून नख फिरवलं. काळं, गुळगुळीत, जुनं पोलाद. त्याला कानस कधी लागलीच नव्हती. म्हणजे तीस वर्षं तो होता तिथेच होता.

तर मंडळी, कधी पडदा उघडायला उशीर झाला आणि आत कुणी तारा जुळवताना ऐकू आलं, तर चुळबुळ करू नका. हात जोडा, आणि त्या मास्तरांची आठवण ठेवा.