विहिरीकाठचा फणस

इसाक मुंबईला गोदीत कामाला निघाला, तेव्हा बायकोला तिकडे न्यायचं नाव काढलं तरी घरात रण माजलं असतं. मैमुनाला वाचता येत नव्हतं. पत्र सासरेच पडवीत सगळ्यांसमोर वाचणार. म्हणून त्याने तिला विहिरीवर गाठून सांगितलं, "पत्रात या फणसाची चौकशी केली, तर समज, खोली मिळाली. 'फणस धरलाय' एवढंच उलट टपाली लिहायला सांग, मी न्यायला येतो. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

तीन वर्षं पत्रं येत राहिली. सासरे वाचत, ती दाराआडून ऐके. पावसापाण्याची चौकशी असे, सगळ्यांना सलाम असे. फणस काही आला नाही.

यंदा मोतीबिंदूने सासऱ्यांना दिसेनासं झालं, म्हणून पोस्टमनने पत्र पहिल्या अक्षरापासून वाचलं. शेवटी होतं, "फणसाचं आता विचारीत नाही. मी इथेच दुसरा निकाह केला."

मैमुना दाराबाहेर आली. "बावा, फणसाचं त्यांनी कधी विचारलं होतं?"

"दर पत्रात विचारायचा," सासरे म्हणाले. "झाडामाडांचं काय वाचून दाखवायचं, म्हणून मी तेवढं गाळायचो."