जुनं ते टाका

साहेबांनी तळमजल्याचं बटण दाबलं. दोन मजले उतरल्यावर सोबतच्या प्रोग्रामर मुलीने लाल बटण दाबलं आणि लिफ्ट हिसका देऊन अधांतरी थांबली.

"हे काय?"

"थांबवली," ती म्हणाली.

"अगं, खाली ताई वाट बघतायत."

ताई कंट्रोल रूममध्ये बसायच्या. शहरभरातल्या शेकडो लिफ्टवर तिथून नजर ठेवली जायची. आत अडकलेल्या कोणी घंटा दाबली, की ती स्क्रीनवर उमटायची आणि ताई माणूस पाठवायच्या. काल संध्याकाळी एक बाई तास-दीड तास अडकून पडली. कचरा टाकायला म्हणून खाली निघालेली, फोन घरात, दम्याचा पंपही घरात. घंटा तिने दाबली होती. ताई म्हणत होत्या, स्क्रीनवर काही आलंच नाही. बाई अजून शुद्धीवर आली नव्हती, आणि साहेब ताईंना कामावरून काढायला निघाले होते. सिस्टिम चोख होती, डुलकी ताईंनाच लागली, याला दुजोरा द्यायला प्रोग्रामर हवी, म्हणून हिला सोबत घेतलं होतं.

हिच्या तळपायाची आग सकाळीच मस्तकात गेली होती.

"ताईंना डुलकीबिलकी लागली नव्हती. घंटा त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. वाटेत आपण फेकून दिली."

"आपण?"

"बरं, तुम्ही."

साहेबांना त्यांच्या माघारी सगळे 'पुढे-चला' म्हणत. कोणी अडचण मांडली की ते हात झटकून म्हणायचे, ठीक आहे, पुढे चला. आत्ता पुढे चालायला जागाच नव्हती. ते आरशाला पाठ लावून उभे राहिले.

"वाढणाऱ्याने जेवणाऱ्याकडे बघून वाढायचं असतं, साहेब," ती म्हणाली. "त्याच्या तोंडात घास असेल तर थांबायचं. मी तसंच लिहिलं होतं. स्क्रीनने 'आता दे' म्हटल्याशिवाय लिफ्टचा पुढचा निरोप सोडायचा नाही."

"आणि त्यापायी ग्राहकांसमोर स्क्रीनवरचा आपला लिफ्टचा नकाशा अडखळत होता. मान खाली घालावी लागली मला."

"म्हणून तुम्ही ते थांबणं काढायला लावलंत. म्हणालात, निरोपांची रांग भरली की जुनं टाका, नवं घ्या."

"मग त्यात काय चुकलं? लिफ्ट मघाशी कितव्या मजल्यावर होती, हे आता कोणाला हवंय?"

"कोणालाच नाही. ते खुशाल टाका. पण घंटाही त्याच रांगेत उभी असते! मी तिच्यासाठी वेगळी रांग मागितली, दोनदा मागितली. तुम्ही काय म्हणालात?"

साहेबांना आठवत नव्हतं, किंवा चांगलंच आठवत होतं.

काल वीज गेली आणि परत आली. शेकडो लिफ्ट एकदम जाग्या झाल्या आणि एकदम बोलू लागल्या. मी इथे आहे, माझं दार बंद आहे, मी इथे आहे. त्या गदारोळात बाईने घंटा दाबली आणि पापणी लवायच्या आत ती घंटा जुनी झाली. मग काय, नियमाप्रमाणे केरात.

"हा तुझा अंदाज झाला," साहेब म्हणाले. "लिफ्ट सुरू कर. खाली जाऊन शांतपणे बोलू."

"खाली ताई रडतील आणि तुम्ही शांतपणे बोलाल. चोर सोडून संन्याशाला फाशी!" तिचा आवाज चढला. "ही लिफ्ट मी सकाळी चाचणीच्या सर्व्हरला जोडलीये. कालचा सगळा गोंधळ त्यावर पुन्हा सोडलाय. तिकडच्या स्क्रीनसमोर ताईंना बसवून आलेय, कशासाठी ते सांगितलेलं नाही. दाबा घंटा."

"हा पोरखेळ..."

"दाबा!"

साहेबांनी दाबली. बटणाभोवती दिवा लागला आणि छतातून एक गोड आवाज आला. तुमचा निरोप मिळाला आहे. मदत निघाली आहे. कृपया शांत राहा.

साहेबांचा चेहरा खुलला. "बघ! पोचला की."

"कुठे पोचला? निरोप पाठवला की हा दिवा लागतो. तो कोणी वाचला का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. काल तिनेही हेच ऐकलं असणार."

मदत काही आली नाही. साहेबांनी गळ्याशी लावलेलं बटण सोडलं, घाम पुसला आणि पुन्हा घंटा दाबली. मग मुठीने दाबली. दरवेळी त्या आवाजाने तितक्याच गोडव्याने शांत राहायला सांगितलं. तिला त्या आवाजाचा इतका संताप आला की छताकडे बघून तिने एक सणसणीत शिवी हासडली.

"ही बाई बघत का नाहीये?" साहेब ओरडले. "झोपलीये का?"

तिने फोन काढला. जेमतेम रेंज होती. ताईंना लावला आणि स्पीकर चालू केला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत ताईंनी उचलला.

"ताई, स्क्रीनसमोर आहात ना?"

"जागची हललेसुद्धा नाही गं. तू बस म्हणालीस तेव्हापासून डोळे लावून बसलेय." रडून रडून ताईंचा घसा बसला होता. "सगळं ठीक दिसतंय इथे. का गं? कोणी अडकलंय का?"

तिने फोन साहेबांच्या तोंडासमोर धरला.

"सांगा त्यांना."