डबल बेल

मी सिटी बसची कंडक्टर होते. लेक माझ्याच बसने शाळेत जायची, पण मैत्रिणी सोबत असल्या की ओळखच दाखवायची नाही. मीही परक्यासारखं तिकीट फाडायचे. आज तिच्या विमानात पहिल्यांदाच बसले होते. दारं लागताच स्पीकरवर तिचा आवाज आला, "नमस्कार, मी कॅप्टन बोलतेय. अंतर तेरा हजार किलोमीटर, वेळ पंधरा तास." शेजारचे गृहस्थ धास्तावले, "पंधरा तास?" मी म्हटलं, "बसा निवांत. पोरगी माझी आहे." ती पुढे म्हणाली, "पहिल्या रांगेत माझी कंडक्टर आई बसलीय. तिने दोरी ओढून डबल बेल दिल्याशिवाय बस हलायची नाही. आई, निघायचं ना?" सगळ्या माना वळल्या. सवयीने हात वर गेला, पण दोरी नव्हती. हवाईसुंदरीने भिंतीवरचा फोन माझ्यापुढे धरला. मी खणखणीत ओरडले, "टिंग टिंग!" विमान हललं.